दोन डबे

बबिनाला मे महिन्यात दुपारी दोन ते पाच या वेळात फौजेलाही कुणी विनाकारण हलवत नाही. पारा ४५च्या पुढे, रेंजवरून येणारी धूळ, आणि कूलरमधून पाण्यापेक्षा आवाजच जास्त. परवा अशाच एका दुपारी एक तरुण कॅप्टन स्मरणिकेची प्रूफं घेऊन माझ्या ऑफिसात आला. जाहिराती, संदेश, फोटो सगळं बघून झालं. मग तो म्हणाला, "सर, एक कविता आहे. एका शिपायाची. मी जरा करेक्ट केलीय."

कविता भोजपुरी वळणाच्या हिंदीत होती. लाल पेनाने 'माई' खोडून 'माताजी' केलं होतं आणि 'भिनसारे'च्या जागी 'प्रातःकाल' आलं होतं. बाकी ठिकाणीही अशीच झाडलोट. अक्षर मात्र सुंदर होतं कॅप्टनचं.

मी विचारलं, "त्याला विचारलंस?"

"सर, खुश हो जाएगा. छप रही है उसकी."

मी म्हटलं, उद्या सकाळी त्या शिपायाला घेऊन ये, आणि प्रूफं तोवर इथेच राहू देत. त्याला वाटलं, मी रागावलो. रागावण्याचा मला हक्क नव्हता. तोच उद्योग मीही केलेला आहे, त्याच्याच वयाचा असताना, आणि पुढे माझ्यावरही तो झालेला आहे. दोन्ही गोष्टी आज लिहून टाकतो.

पहिली फिरोजपूरची. मी कॅप्टन होतो आणि एनडीएत असताना दोन-चार मराठी कविता लिहिल्या होत्या, एवढ्या भांडवलावर पलटणीच्या रेझिंग डेच्या अंकाचं काम माझ्या गळ्यात पडलं. परभणीकडचा एक लान्स नाईक कविता घेऊन आला. सुट्टीची शेवटची रात्र. बायको पहाटे उठून भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधते, मनमाडला गाडी बदलताना तो ते फडकं सोडतो, आणि त्याला घरातल्या चुलीचा वास येतो. मी 'फडकं'चं 'वस्त्र' केलं. 'ठेचा' गेला, तिथे 'शिदोरी' आली. 'बायकू'ची 'सहचारिणी' झाली. मला स्वतःला ती कविता फार उजळली असं वाटलं, हे कबूल करतो.

अंक छापून आला. लान्स नाईक काही बोलला नाही. लान्स नाईक कॅप्टनला काय बोलणार? रेझिंग डेच्या बड्या खान्याला सुभेदार मेजर साहेबांनी त्याला स्टेजवर बोलावलं. त्याने अंक हातात घेतलाच नाही. सावधान उभा राहून त्याने तोंडपाठ म्हटली, त्याची स्वतःची, ठेच्यासकट. 'बायकू' म्हटल्यावर जवान हसले, शिट्ट्या झाल्या. फडकं सोडलं तेव्हा मंडपात कुणी हसत नव्हतं. मी पहिल्या रांगेत सीओंच्या शेजारी, मांडीवर छापील पान. सीओ पंजाबचे, पण पलटणीत वीस वर्षं काढल्यामुळे मराठी उत्तम समजायचं. ते पान बघून म्हणाले, "ये तो कुछ और पढ़ रहा है."

मी म्हटलं, "प्रिंटिंग मिस्टेक, सर."

शत्रूसमोर कसं वागेन याची मला तेव्हा बरीच खात्री होती. सीओंच्या एका साध्या प्रश्नापुढे मात्र टिकलो नाही.

दुसरी गोष्ट सेला खिंडीच्या पलीकडची. जागेचं नाव लिहीत नाही. सेला १३,००० फुटांच्या वर आहे, आमची पोस्ट त्याहून उंच. मी मेजर होतो, कंपनी माझ्याकडे. हिवाळ्यात तिथे पाणी हा दिवसाचा सगळ्यात मोठा विषय असतो. पाइप गोठतात, बर्फ वितळवायला रॉकेल लागतं, आणि रॉकेल पाठीवरून येतं. म्हणून रोज सकाळी वॉटर पार्टी खालच्या नाल्यापर्यंत उतरायची, वरचा बर्फ फोडायची आणि वीस-वीस लिटरचे जेरीकॅन भरून वर यायची. जवान त्यांना डबेच म्हणत. जानेवारीतल्या एका सकाळी त्या पार्टीतला माणदेशचा एक शिपाई वर चढताना घसरला आणि खाली दगडांवर आदळला. वय २३. दोर होता, क्रॅम्पॉन होते, सगळं होतं. चौकशीही रीतसर झाली. गोळी नव्हती, शत्रू नव्हता. पाणी होतं.

सुट्टीवर आलो तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांना जे घडलं तसं सांगितलं. वडील शेतकरी, थोडी ज्वारी आणि जास्त मेंढरं. त्यांनी ऐकून घेतलं. "पाय घसरला," असं स्वतःशीच दोनदा म्हणाले. गावात 'शहीद जवान' असा बॅनर लागलेला होता. बाहेर फारशी माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो: आमच्या सरकारी कागदावर 'शहीद' हा शब्द नसतो. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असते किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी', आणि नोंद कुठल्या रकान्यात झाली यावर घरच्यांची पेन्शन ठरते. म्हणून कुणाचा मृत्यू कसा झाला याविषयी आम्ही शब्द जपून वापरतो. त्या मुलाची नोंद अपघात अशी होती.

त्या उन्हाळ्यात मी त्याच्यावर चौदा ओळींची कविता लिहिली. शीर्षक 'पाणी'. खडकवासल्याला आमचे एक इन्स्ट्रक्टर सिच्युएशन रिपोर्टमधलं प्रत्येक विशेषण खोडायचे. तीच सवय कवितेतही उतरली. मधल्या ओळी अशा होत्या:

दोन डबे घेऊन तो उतरला.
उतरताना डबे रिकामे होते,
चढताना भरलेले.
एवढाच फरक.

आणि पुढे एका ओळीत, 'मग पाय घसरला'. त्याचं नाव, पलटण, जागा काहीच नव्हतं. त्याच्या वडिलांना फोन करून विचारलं, छापायला देऊ का? ते म्हणाले, द्या. फौजेच्या नियमांप्रमाणे सैनिकी विषयावर काही छापायचं तर आधी मंजुरी लागते, तीही घेतली. म्हणजे त्या चौदा ओळी एका बापाच्या आणि भारत सरकारच्या परवानगीने गेल्या होत्या. परवानगी न घेता त्यांना हात लावणारा फक्त एकच निघाला.

दिवाळी अंक चांगला होता, आजही आहे. नाव लिहीत नाही. माझी प्रत पोस्टवर पोहोचायला डिसेंबर उजाडला, पण त्याआधीच वडिलांचा फोन आला. त्यांच्या पुतण्याने दहिवडीच्या स्टँडवरून अंक आणला होता.

"सायेब, तुमी घरी आलतासा तवा म्हनलासा, पाणी आणताना पाय घसरला. हितं पुस्तकात तर लढताना गेला आसं हाय. मला आपलं एकच सांगा, खरं कंचं?"

मला काही कळेना. मी म्हटलं, मी असं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, तुमचंच नाव हाय खाली. मग पुतण्याने फोन घेऊन मला माझी कविता वाचून दाखवली. शीर्षक 'वीरा, तुला वंदन'. दोन डब्यांच्या जागी 'प्राण तळहाती' होते. 'पाय घसरला'च्या जागी गनिमाशी झुंजत त्याने 'देह ठेवला' होता. शेवटी चार ओळी जास्तीच्या, त्यात तिरंगा, आणि तिरंग्याला यमक हवं म्हणून गंगा. आमच्या त्या नाल्याचं पाणी तवांग चूमधून मानस नदीला आणि तिथून ब्रह्मपुत्रेला जातं. बांगलादेशात गेल्यावर गंगेची गाठ पडते, एवढंच संपादकांच्या बाजूने म्हणता येईल.

पुतण्याने शेवटी जे सांगितलं ते ऐकून हसू गेलं. गावात लोक म्हणायला लागले होते की पोरगं लढताना गेलं, मेजर साहेबांनीच तसं लिहिलंय, आणि कागदावर अपघात दाखवून फौजेने म्हाताऱ्याला पैशाला फसवलं. मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलेलं खोटं, की माझ्या सहीने छापलेलं खोटं? त्या माणसापुढे आता हे दोनच पर्याय होते, आणि दोन्हीत खोटा मीच.

संपादकांना फोन लावला. पोस्टवरून रेंज मिळायला अर्धा तास चालत जावं लागायचं, तेवढ्या वेळात बरंच सुनावायची तयारी केली होती. पण माणूस सज्जन निघाला. चूक झाली असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणाले, "साहेब, अंक दिवाळीचा. वाचकाला उभारी लागते. जवान पाणी भरताना घसरून मेला, हे कोण वाचणार? मी तुमच्या कवितेला उंचीवर नेलं." उंचीवर! मी १४,००० फुटांवर उभा होतो.

मी म्हटलं, निदान विचारायचं. ते म्हणाले, तुमचा फोन लागत नाही, अंक छापायला जायचा होता. हे मात्र खरं होतं. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: "अहो, ज्ञानेश्वरीसुद्धा एकनाथांनी शुद्ध केली. त्यांनी कुणाला विचारलं होतं?"

त्या वेळी उत्तर सुचलं नाही. परतीच्या चढावर सुचलं, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा. एकनाथांनी शके १५०६ला, म्हणजे १५८४मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती इतरांनी तीनशे वर्षांत घुसडलेलं आणि बिघडवलेलं निवडून काढण्यासाठी. आणि शेवटी ताकीद देऊन ठेवली की यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये. आमच्या संपादकांनी नाथांचं उदाहरण दिलं ते नेमकं उलट्या बाजूने.

मी दुरुस्ती छापायला सांगितली. ते लगेच तयार झाले, "अवश्य, पुढच्या अंकात." पुढचा अंक म्हणजे पुढची दिवाळी. दिवाळी अंकाची ही एक गंमत आहे. त्यात झालेली चूक वर्षभर लोकांच्या घरात राहते, आणि दुरुस्ती येते तेव्हा जुना अंक रद्दीत गेलेला असतो. दरम्यान हेडक्वार्टरकडूनही विचारणा आली: मंजूर ओळी चौदा, छापल्या अठरा, खुलासा करावा. खुलासा केला. माझ्या नोकरीत मी लिहिलेला सगळ्यात विचित्र कागद तोच असेल.

जॅग ब्रँचमध्ये माझा एक कोर्समेट होता. त्याने फोनवर पाच मिनिटांत कायदा सांगितला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम. कवितेचे हक्क विकून टाकले तरी लेखकाकडे दोन गोष्टी उरतात: ही माझी आहे म्हणण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड करून कुणी माझ्या नावाला बाधा आणली तर त्याला अडवण्याचा, भरपाई मागण्याचा हक्क. "करायची केस?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. कोर्टाने मला भरपाई दिली असती, पण माझ्या शब्दावरचा त्या ओसरीचा विश्वास कुठल्या कलमाखाली परत मिळतो?

पुढे वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजात असताना एका अमेरिकन कर्नलचं पुस्तक हातात पडलं. थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२च्या अखेरीस, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या सैनिकांची पलटण त्याच्याकडे आली आणि त्याने तिचं नेतृत्व केलं. 'आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट' हे ते पुस्तक. फौजी माणसाने वाचावं असं आहे. जवानांची गाणी शेकोटीशेजारी ऐकून जशीच्या तशी टिपून घेण्याची त्याची धडपड त्यात दिसते. हा माणूस आणखी कोण होता म्हणून शोधायला गेलो तेव्हा एमिली डिकिन्सन भेटली. त्याच १८६२च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमहर्स्ट गावातल्या या बाईने त्याला आपल्या कविता पाठवून मत विचारलं होतं. दोघांचा पत्रव्यवहार तिच्या मरणापर्यंत चालला.

१८००च्या आसपास कविता लिहिल्या तिने, आणि हयातीत छापल्या गेल्या जेमतेम दहा, त्याही नावाशिवाय. १८६६च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने तिची सापावरची कविता छापली. शीर्षक तिचं नव्हतं, विरामचिन्हंही बदललेली. तिने हिगिन्सनला लिहिलं की ही कविता माझ्याकडून लुटली गेली; तिसरी आणि चौथी ओळ एकच होती, ती मध्ये चिन्ह टाकून तोडली. हे वाचताना मी थबकलो ते दुसऱ्याच कारणाने. आपण काही छापत नाही, असं तिने हिगिन्सनला आधी सांगितलेलं होतं. आता छापलेली कविता त्याच्या नजरेला पडली तर ही बाई खोटं बोलली असं त्याला वाटेल, ही तिची काळजी होती. एक विरामचिन्ह बदललं म्हणून एवढा आकांत, असं कुणी म्हणेल. मला माणदेशातल्या त्या ओसरीवरून आलेला फोन आठवला.

आणि पुढची गंमत अशी की ती गेल्यावर १८९०मध्ये तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या दोन संपादकांतला एक हाच कर्नल हिगिन्सन. दोघांनी मिळून यमकं गुळगुळीत केली, शब्द बदलले, स्वतःची शीर्षकं दिली. जवानांची गाणी शब्दन् शब्द जपणाऱ्या माणसाने हे केलं! हेतू वाईट नव्हता. वाचकांना झेपेल असं द्यायचं होतं. पुस्तक खपलंही जोरात. तिच्या कविता तिने लिहिल्या तशा एकत्र छापून यायला १९५५ साल उजाडलं. त्या पुस्तकावर मी हिगिन्सनला मनातल्या मनात बरंच सुनावलं, आणि मग फिरोजपूरचा ठेचा आठवून गप्प बसलो.

संपादकाने हात लावूच नये असं माझं म्हणणं नाही. १९१७मध्ये एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी इस्पितळात दोन ब्रिटिश अधिकारी भेटले, विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रिड ससून. ओवेन आपले कच्चे खर्डे ससूनच्या खोलीत घेऊन जायचा. 'अँथेम फॉर डूम्ड यूथ'च्या हस्तलिखितावर ससूनच्या अक्षरातले शब्द आहेत. शीर्षकात आधी 'डेड' होतं, त्याचं 'डूम्ड' ससूनने सुचवलं. सुचवलं, आणि ओवेनने ठेवलं. पेन्सिल ससूनची, पण कागद शेवटपर्यंत ओवेनच्या हातात. युद्ध संपायला एक आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९१८ला, ओवेन मारला गेला. पोस्टकार्डावर 'तिसऱ्या कडव्यात एक शब्द अडतोय, बघा' असं लिहिणारे संपादक मलाही भेटलेत. चार दिवस त्यांच्यावर चिडून पाचव्या दिवशी मी तो शब्द बदललेला आहे.

फेब्रुवारीत सुट्टी मिळाली. पुण्याला घरी न जाता आधी माणदेशात गेलो. बरोबर मंजुरीचा शिक्का असलेली मूळ प्रत, हेडक्वार्टरला दिलेल्या खुलाशाची नक्कल, आणि संपादकांकडून हट्टाने लिहून घेतलेलं पत्र. एका चौदा ओळींच्या कवितेसाठी एवढे पुरावे घेऊन जाणारा मी पहिलाच कवी असेन.

ओसरीवर तीच घोंगडी. भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो, आणि त्याखाली, गावातल्या मंडळाच्या पोरांनी लॅमिनेट करून खिळ्याला लावलेली, 'वीरा, तुला वंदन'. खाली माझं नाव.

पुतण्याने कागद वाचले, चुलत्याला समजावून सांगितले. वडिलांनी मान हलवली. मी भिंतीवरच्या पानाकडे बघून म्हटलं, हे काढायला हवं. आतून आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. पोरांनी हौसेनं लावलंय." त्यावर मी काय बोलणार? ते पान अजून तिथेच आहे.

वडील म्हणाले, "तुमचं वाचून दावा."

मी वाचली. स्टेजवर वाचतात तशी नाही, रिपोर्ट वाचतात तशी. चौदा ओळींना किती वेळ लागतो? ते जमिनीकडे बघत होते. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर मेंढरं आत येत होती, त्यांचाच आवाज.

मग त्यांनी विचारलं, "ते डबं घावलं का?"

"एक घावला," मी म्हटलं. "झाकण घट्ट होतं. आत पाणी गोठलं होतं."

"भरल्याला?"

"भरलेला."

त्यांनी आत वळून चहा टाकायला सांगितलं.